फ्रेमचं साल लेखी देणारं शेड: कुपवाडच्या तपासणी सेवेबद्दल

कुपवाड एमआयडीसीच्या अंगाला एक पत्र्याचं शेड आहे. जुन्या मोटारसायकलची नुसती फ्रेम तिथं नेऊन टाकायची. ती कोणत्या गाडीची, कोणत्या काळातली, तिच्यावर गाडी बांधण्यात अर्थ आहे का, एवढं तपासून ते लेखी देतात. इंजिनाला हात लावत नाहीत, रंग करत नाहीत, पार्ट विकत नाहीत. नाव छापू नका असं शेडवाल्यांनी बजावलंय. माणसं दोनच, आणि भिंतीला टेकवलेल्या फ्रेम्स पार दारापर्यंत आल्यात. ज्याला गरज आहे त्याला सांगली-मिरजेतला कुठलाही जुना बुलेट मिस्त्री रस्ता सांगेल.

आधी निकाल सांगून टाकतो. फ्रेम विकत घेण्याआधी, इसार देण्याच्याही आधी ही तपासणी करून घ्यावी. फी बऱ्या कंपनीच्या एका टायरइतकी आहे. फ्रेम घेऊन, घासून, पावडर कोटिंग मारून मग नेली तर पैसे वाया गेले समजा, कारण जे वाचायचं ते तोवर ग्राइंडरच्या चाकाखाली गेलेलं असतं.

त्यांच्या अहवालातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे साल तीन वेगवेगळ्या रकान्यांत लिहिलेलं असतं: फ्रेमचं, इंजिनचं आणि कागदावरचं. आपल्याकडे जुनी गाडी विकणारा एकच साल सांगतो आणि ते बहुतेक वेळा आरसी बुकातलं असतं. आता लष्करी बीएसए एम२० ही ब्रिटिश मोटारसायकल घ्या. ही गाडी दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी बनली, युद्धानंतर लिलावात निघाली आणि मग कुणीतरी ती आपल्या नावावर नोंदवली. कागदावर नोंदणीचं वर्ष येतं, फ्रेम मात्र त्याच्या कितीतरी आधीची. बुलेटचं उलटं: फ्रेम आणि कागद जुने, पण पन्नास वर्षांत कधीतरी इंजिन फुटलं म्हणून दुसऱ्या गाडीचं क्रँककेस (इंजिनचं खालचं, दोन अर्धुकांचं घर) बसवलेलं. तिन्ही सालं वेगवेगळी लिहिली की घेणाऱ्याला नेमकं काय घेतोय ते कळतं आणि विकणाऱ्यालाही थाप मारायला जागा उरत नाही.

इथं एक गैरसमज ते पहिल्यांदा दूर करतात, आणि तो आपल्या भागात फार पक्का आहे: इंजिन नंबर आणि चासी नंबर सारखे नसले म्हणजे गाडी जोडतोड केलेली. बीएसएच्या जुन्या गाड्यांत हे दोन नंबर कारखान्यातूनच वेगळे असत. एम२० वर तर ते सारखे सापडले तर उलट संशय घ्यावा. बघायचं असतं ते वेगळंच. पहिलं, फ्रेमचा नंबर आरसी बुकाशी अक्षर-अक्षर जुळतो का. दुसरं, इंजिनचा नंबर त्याच बुकाशी जुळतो का. तिसरं, इंजिनची डावी आणि उजवी क्रँककेस एकाच जन्माची आहे का. ब्रिटिश इंजिनांत दोन्ही अर्धुकांच्या पोटाशी एकच छोटा जोडनंबर ठोकलेला असतो. तिथं वेगळे आकडे दिसले तर दोन इंजिनांचं मिळून एक केलेलं आहे. शेडवाले इंजिन करत नसले तरी आडवं धरून एवढं बघून देतात.

फ्रेम ज्या अवस्थेत सापडली त्याच अवस्थेत आणा, ही त्यांची अट आहे. वैताग येतो, पण ती योग्यच आहे. नंबराच्या जागेवर पॉलिश पेपर, वायर ब्रश, सँड ब्लास्टिंग यांतलं काहीही चालत नाही. ब्लास्टिंगची वाळू ठोकलेल्या आकड्याच्या कडा गोल करते, आणि अस्सल पंच ओळखायचा तो कडेवरूनच. त्यांची पद्धत साधी आहे. नंबराच्या जागेवर पेंट रिमूव्हर जाड थापायचा, वरून प्लॅस्टिकचा तुकडा चिकटवायचा म्हणजे तो वाळत नाही, थोडा वेळ जाऊ द्यायचा आणि नायलॉनच्या ब्रशने एकेक थर काढायचा. वर चमकदार काळा, खाली चंदेरी, त्याखाली कुणीतरी हाताने मारलेला हिरवा, मग रेड ऑक्साइड. हे थर ते मोजतात. नंबराच्या जागेवर सगळे थर असतील आणि शेजारच्या नळीवरही तेच त्याच क्रमाने असतील, तर त्या जागेला मधल्या काळात कुणी हात लावलेला नाही. बाकी फ्रेमवर चार थर आणि नंबरावर एकच नवा काळा, असं दिसलं की मिस्त्री मान हलवतो आणि भिंग काढतो.

शेवटचा थर निघाल्यावर खोलीतला दिवा बंद करून टॉर्च जवळजवळ आडवी धरतात. समोरून उजेड मारला तर आकडे दिसतात, पण त्यांची खोली कळत नाही. तिरप्या उजेडात प्रत्येक आकड्याच्या एका कडेला सावली पडते आणि मग घासून पुसलेला जुना आकडाही नव्याच्या आतून डोकावतो. चारही बाजूंनी फोटो काढतात. मग पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी घासून छाप घेतात, तो अहवालाला जोडतात. फोटोपेक्षा छाप जास्त उपयोगाचा, कारण त्यात मापं खरी येतात आणि पुढे आरटीओत कुणी शंका घेतली तर शेजारी ठेवून दाखवता येतं.

खोटा पंच ओळखण्याच्या त्यांच्या खुणा लिहून ठेवण्यासारख्या आहेत. कारखान्यातला कामगारही हातानेच पंच मारायचा, त्यामुळे आकडे थोडे वरखाली असणं हा दोष धरत नाहीत. उलट रुळावर बसवल्यासारखी सरळ ओळ साठ सालच्या फ्रेमवर खटकते. बघतात ते आकड्यांचं वळण. एकाच ओळीत दोनदा ४ आला असेल तर दोन्ही एकाच पंचाचे हवेत. एकाचं डोकं उघडं आणि दुसऱ्याचं बंद असेल तर एक नंतरचा. ३ चा माथा सपाट की गोल, १ ला पाय आहे की नाही, हेही त्यातच आलं. मग स्टीलची पट्टी नंबरावर उभी टेकवून मागून उजेड बघतात. मधे फट दिसली तर ती जागा घासून खोल गेलेली आहे. चुंबक फिरवतात. लोखंडावर तो चिकटतो. लांबी (खड्डे भरायची पुटी) किंवा पितळ भरून वर आकडे मारले असतील तिथं त्याची पकड ढिली पडते. आणि सगळ्यात उघड प्रकार म्हणजे दुसऱ्या फ्रेमचा नंबराचा तुकडा कापून इथं वेल्ड करणं. त्याची शिवण बाहेरून घासून सपाट केली तरी नळीच्या आतून हाताला लागते.

घासून पूर्ण पुसलेला नंबर वाचता येतो का, हा प्रश्न तिथं रोज येतो. तत्त्वतः येतो. पंच मारताना आकड्याच्या खालचा धातू दाबला जाऊन कडक होतो, आणि तो परिणाम दिसणाऱ्या खाचेपेक्षा खोलवर जातो. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत आम्लाच्या द्रावणाने ती जागा खाऊ दिली की कडक झालेला भाग वेगळा उठून दिसतो. पण ते पोलीस तपासाचं काम आहे. शेडवाले त्यात पडत नाहीत. पुसट झालेला नंबर ‘जरा ठळक करून द्या’ म्हणणाऱ्यालाही हाकलतात. पुन्हा पंच मारणं हा आरटीओच्या परवानगीचा विषय आहे. स्वतः मारलात तर चांगली गाडीही चोरीच्या गाडीच्या रांगेत जाते.

नंबर वाचून झाला की माप. इथं हे शेड बाकीच्यांपेक्षा चार पावलं पुढे आहे. व्हर्नियर लावून नळीचा बाहेरचा व्यास घेतात. ब्रिटिश फ्रेमच्या नळ्या इंचात असतात: सव्वा इंच म्हणजे ३१.७५ मिमी, एक आणि एक अष्टमांश इंच म्हणजे २८.५८ मिमी. रंग काढलेल्या नळीवर बरोबर २८ किंवा ३२ मिमी आलं तर ती नळी नंतर बदललेली असण्याचा दाट संशय. जुन्या नळ्यांची जाडी गेजमध्ये सांगायची पद्धत होती. १४ गेज म्हणजे २.०३ मिमी, १६ गेज म्हणजे १.६३. आत बोरस्कोप (नळीत घालायचा बारीक कॅमेरा) घालून उभी शिवण दिसते का तेही पाहतात. हार्डवेअरच्या दुकानातला स्वस्त शिवणीचा पाइप बसवलेला असेल तर इथं सापडतो.

आटे तपासण्याची युक्ती तर प्रत्येक लेथवाल्याने शिकावी अशी आहे. जुन्या ब्रिटिश गाड्यांवर बऱ्याच ठिकाणी सायकल थ्रेड असतो, इंचाला २६ आटे. त्याचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, निघतो ०.९७७ मिमी. मेट्रिकचा बारीक पिच १ मिमी. गेज लावलं तर दोन्ही ‘बसल्यासारखे’ वाटतात, आणि म्हणूनच आपल्याकडे निम्म्या जुन्या गाड्यांची भोकं १० मिमीचा बोल्ट जबरदस्तीने घालून खराब केलेली सापडतात. शेडमध्ये एका आट्यावर विसंबत नाहीत, वीस आट्यांची लांबी मोजतात. २० मिमी भरली तर मेट्रिक, साडेएकोणीसच्या जवळ आली तर सायकल थ्रेड. जोडीला बोल्टचा व्यास: तीन अष्टमांश इंच म्हणजे ९.५३ मिमी, दहाचा बोल्ट दहाच्या किंचित आत. दोन मापांत प्रश्न मिटतो.

आता कोणत्या गाडीबद्दल त्यांचं म्हणणं किती भरवशाचं, ते.

बुलेटवर ते पक्के आहेत. ३५० बुलेटचं ७० बाय ९० चं (सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव, मिमीत), ३४६ सीसीचं इंजिन इतकी वर्षं तसंच राहिलं की इंजिनवरून काळ ठरवायला गेलं की माणूस फसतो. फ्रेमचीही ठेवण तीच: खाली इंजिन पेलणारा नळ्यांचा पाळणा नाही, पुढची नळी येऊन इंजिनाला मिळते आणि इंजिन स्वतःच फ्रेमचा भाग बनतं. ‘रेडिच की मद्रास’, म्हणजे गाडी एन्फिल्डच्या इंग्लंडमधल्या कारखान्याची की इथली, हा प्रश्न सगळे विचारतात आणि विकणारा सगळ्यांना रेडिचच सांगतो, कारण भाव दुप्पट मागता येतो. एन्फिल्ड इंडिया १९५५ मध्ये मद्रास मोटर्सच्या भागीदारीत उभी राहिली. सुरुवातीला इंग्लंडहून आलेले सुटे भाग तिरुवोत्तियूरला जोडत, मग हळूहळू सगळं इथंच बनू लागलं. त्यामुळे त्या पहिल्या काही वर्षांच्या गाडीत दोन्हीकडचं लोखंड असू शकतं, आणि अहवालात ते तसंच स्पष्ट लिहितात. मात्र कुणी ‘७२ ची रेडिच’ म्हणत असेल तर तपासणीचेही पैसे घालवू नका. रेडिचचा कारखाना १९६७ मध्येच बंद झाला. १९५४ पासून हेडलाइट, स्पीडोमीटर आणि फोर्कचं डोकं एकाच ओतीव घरात आलं. त्याआधीची गाडी म्हणून विकायला आणलेल्या बुलेटला ते घर असेल तर पुढचा भाग तरी नंतरचा आहे.

जावा-येझदीवरही हात बसलेला आहे. ३५३ जातीच्या जावाची फ्रेम चौकोनी छेदाच्या नळीची, त्यामुळे लांबूनच ओळखू येते. इंजिन ६५ बाय ७५. म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१ मध्ये उत्पादन सुरू केलं, १९७३ पासून गाड्यांवर येझदी नाव आलं, कारखाना १९९६ मध्ये थांबला. हल्लीचा धंदा असा की येझदीला जावाची टाकी, जावाचे बिल्ले, मरून रंग आणि क्रोम पट्टे लावायचे आणि जावा म्हणून विकायची. आरसी १९७९ ची आणि टाकीवर जावा, असं समोर आलं की त्यांच्या अहवालात एका ओळीत निकाल असतो. रंगकाम कितीही सुरेख असो.

लष्करी गाड्यांत एम२० च्या नंबराआधीचा डब्ल्यू म्हणजे युद्धखात्याचा, तो इंजिनवर डब्ल्यूएम२० असा दिसतो. ४९६ सीसी, मागे शॉकअप नाहीत, फ्रेम ताठ. या फ्रेमला नंतर कुणी मागचा चिमटा (मागचं चाक धरणारा, वरखाली हलणारा भाग) आणि शॉकअप बसवले असतील तर ती मूळ स्थितीत आणायचा खर्च गाडीच्या किमतीला टेकतो. १९६९ नंतरच्या ट्रायम्फ आणि बीएसएवर नंबराआधी दोन अक्षरं असतात. पहिलं महिन्याचं, दुसरं हंगामाचं. हंगाम आदल्या वर्षीच्या ऑगस्टपासून धरत. म्हणून ‘एक्सडी’ म्हणजे १९७० च्या हंगामातला डिसेंबर, कॅलेंडरवर १९६९. आपल्या भागात अशा गाड्या क्वचित, पण शेडमध्ये तक्ता भिंतीवर टांगलेला आहे.

राजदूतवर ते कमी पडतात. १७५ ची फ्रेम पोलंडच्या एसएचएलवरून आलेली, ३५० यामाहा आरडीवरून, एवढं सांगतात. साल मात्र कागदावरचंच उतरवून देतात. राजदूतवाल्यांनी फक्त सरळपणा आणि गंज तपासून घ्यावा, वयाचे पैसे देऊ नयेत.

नंबरात सतरा अक्षरं-आकडे असतील तर त्यावरून एक सोपी गाळणी लागते. सतरा अक्षरी पद्धत सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आंतरराष्ट्रीय मानक झाली आणि तिच्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत. ‘६८ ची’ म्हणून आणलेल्या फ्रेमवर सतरा अक्षरं असतील किंवा सतरांत ओ दिसला, तर पुढे बघायची गरज नाही.

सरळपणा तपासायला त्यांच्याकडे जाड एमएस प्लेटचं टेबल आहे. हेड पाइपमध्ये (पुढचा फोर्क ज्यात फिरतो ती नळी) दोन्ही बाजूंनी शंकूसारखे कोन लावून घासून सरळ केलेला दांडा घालतात, चिमट्याच्या भोकातून दुसरा दांडा, आणि डिजिटल अँगल गेजने दोघांतला फरक वाचतात. त्यांची मर्यादा अर्ध्या अंशाची. हे कडक वाटतं, पण १९ इंची चाकाला सव्वातीनचा टायर धरला तर व्यास साधारण ६५० मिमी होतो आणि अर्धा अंश म्हणजे टायरचा माथा पायापेक्षा साडेपाच मिमी एका बाजूला. हात सोडला की गाडी ओढते ती त्यामुळे. बुलेटच्या बाबतीत एक काळजी ते घेतात ती बाकीचे घेत नाहीत: रिकामं क्रँककेस किंवा तेवढ्याच मापाचा ठोकळा बोल्टने आवळून मगच मोजतात. इंजिन नसलेल्या बुलेट फ्रेमची पुढची नळी मोकळी लोंबकळते, तिचं माप काहीही येतं. फ्रेम वाकडी म्हणून परत पाठवलेल्या कित्येक फ्रेम्स मुळात सरळ असतात.

समोरून ठोकर बसलेल्या फ्रेमची खूण हेड पाइपच्या जरा खाली पुढच्या नळीवर मिळते. खालच्या बाजूला बोट फिरवलं की बारीक फुगवटा लागतो. साइडकार ओढलेल्या गाड्यांत फ्रेमला पीळ बसतो आणि साइडकारच्या कड्यांजवळ तडे जातात. तड्यांसाठी तीन डब्यांची डाय टेस्ट: साफ करायचं, लाल फवारून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, पुसून पांढरा डेव्हलपर मारायचा, तडा असेल तिथं लाल रेघ उमटते. याचे पैसे वेगळे घेतात, आणि साइडकारची गाडी नसेल तर प्रत्येकाला याची गरज नाही.

सांगलीच्या फ्रेम्सचा खास आजार वेगळाच. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तळघरांत, अंगणांत, गावभागातल्या वाड्यांत उभ्या असलेल्या गाड्या दिवसेंदिवस पाण्यात होत्या. वरून धुतल्या, पुसल्या, काहींना रंगही मारला. नळ्यांच्या आत गेलेला कृष्णेचा गाळ तसाच राहिला. हा बारीक गाळ ओल धरून ठेवतो, त्यामुळे लोखंड आतून खालच्या बाजूने खात जातं. वरून फ्रेम नवी दिसते. शेडमध्ये छोट्या हातोडीने नळी वाजवत जातात. निरोगी नळीचा आवाज खणखणीत, गाळ भरलेल्या ठिकाणी बद्द. मग बोरस्कोप, आणि शेवटी अल्ट्रासॉनिक जाडीमापक. त्यासाठी नाण्याएवढी जागा रंग काढून उघडी करावी लागते, नाहीतर रंगाची जाडीही मोजली जाते. मूळ जाडीचा पाव भाग गेला असेल तर ती नळी बदला असं अहवालात लिहून येतं. गाळ काढण्यासाठी त्यांचा सल्ला: सगळी रबरी बुचं काढा, कोमट पाण्याने धुवा, कंप्रेसरची हवा मारून उन्हात पूर्ण वाळवा आणि आत जवसाचं उकळलेलं तेल (‘बॉइल्ड लिनसीड’) ओतून फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवून जास्तीचं निथळू द्या. आम्लाच्या टाकीत बुडवू नका. नळीच्या कोपऱ्यात राहिलेलं आम्ल पुढची कित्येक वर्षं हळूहळू काम करत राहतं.

दुरुस्ती ते करत नाहीत, पण वेल्डरला द्यायची चिठ्ठी लिहून देतात आणि ती चिठ्ठी फीच्या निम्म्या किमतीची आहे. कारण आपल्याकडे सर्रास होणारी चूक ती अडवते. जुन्या ब्रिटिश फ्रेम्सचे सांधे म्हणजे ओतीव लग (नळी आत बसते तो तुकडा) आणि त्यात पितळेने ब्रेझिंग केलेली, म्हणजे पितळ वितळवून जोडलेली, नळी. असा सांधा ढिला झाला की वेल्डर वरून सरळ आर्क वेल्डिंग मारतो. पितळ वितळून तापलेल्या पोलादाच्या कणांमध्ये शिरतं आणि सांधा थंड होतानाच किंवा पहिल्या मोठ्या खड्ड्यात टाक्याच्या शेजारून तडकतो. टाका दिसायला भक्कम असतो, हीच अडचण. चिठ्ठीत स्पष्ट लिहितात: पितळ पूर्ण काढल्याशिवाय आर्क नाही, शक्यतो पुन्हा ब्रेझिंगच. पावडर कोटिंगची भीती मात्र बाळगू नका. ती भट्टी दोनशे अंशांच्या आसपास चालते, पितळ वितळायला त्याच्या चौपट लागतं. फक्त कोटिंगला देताना नंबराची जागा, कोनच्या वाट्या आणि आटे उष्णता सोसणाऱ्या टेपने आणि सिलिकॉनच्या बुचांनी झाका. जाड थर बसला की उथळ आकडे बुजतात आणि पासिंगला इन्स्पेक्टर तिथंच खरवडायला सांगतो.

कागदाच्या रकान्यात ते थोडक्यात पण उपयोगाचं लिहितात. विंटेज नोंदणीचे २०२१ चे नियम बहुतेकांना अर्धवट माहीत असतात. ही नोंदणी पन्नास वर्षांहून जुन्या गाडीलाच मिळते, आणि ती वर्षं मोजायची पहिल्या नोंदणीपासून. फ्रेम कधी बनली त्यावरून नाही. गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी-इंजिनात मोठा बदल नको. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,०००, प्रमाणपत्र दहा वर्षांचं, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. आणि अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. म्हणून कामावर घेऊन जायला गाडी बांधणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. साधी आरसी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून चालवावी.

एमएच-१० किंवा एमएच-११ च्या आधीचे तीन अक्षरी नंबर असतील तर ते ऑनलाइन दिसत नाहीत असं अनेकदा होतं. आरटीओत बॅकलॉग नोंद करून, म्हणजे जुन्या कागदावरची माहिती संगणकात चढवून घ्यावी लागते. गाडी आजोबांच्या नावावर असेल तर वारसाच्या नावे करायला फॉर्म ३१, विकत घेतली असेल तर २९ आणि ३०. कागद नसलेली फ्रेम कितीही अस्सल निघाली तरी ती दिवाणखान्यात ठेवायची वस्तू आहे, रस्त्यावर ती कधीच येणार नाही. हे वाक्य शेडच्या दारावर रंगवून ठेवलं तर त्यांची निम्मी रांग कमी होईल.

तक्रारी आहेत. अहवाल हाताने लिहितात आणि अक्षर लावायला दुसरा माणूस लागतो. छापील द्यायला काय हरकत आहे कळत नाही. फोटो छोट्या आकारात छापून देतात, मूळ फाइल मागून घ्यावी लागते. हा अहवाल सरकारी नाही, आरटीओ तो पुरावा म्हणून मानेलच असं नाही, आणि हे ते स्वतःहून सांगत नाहीत. फोन उचलत नाहीत. लुकास कंपनीच्या मॅग्नेटो-डायनॅमोवर (ठिणगी आणि वीज देणारा भाग) महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं, गाडीच्या वयाला तो चांगला आधार असतो. पण सुटे भाग आणले तर बघायलाच तयार नाहीत. साताऱ्याहून किंवा कऱ्हाडहून फ्रेम टेम्पोत घालून आणणाऱ्याची अशी एक खेप फुकट जाते.

नेताना आरसी बुकाची झेरॉक्स, इंजिन बाहेर असेल तर क्रँककेसची दोन्ही अर्धुकं, चिमटा त्याच्या मूळ बोल्टसकट आणि हेड पाइपमधल्या जुन्या वाट्या बरोबर ठेवा. वाट्या काढून टाकल्या असतील तर दांडा नीट बसत नाही आणि सरळपणाचं माप ते देत नाहीत. फ्रेम देताना पावतीवर चासी नंबर लिहून घ्या, आणि नंबराचा फोटो त्यांच्यासमोर स्वतःच्या मोबाइलवर काढून मगच निघा.